टायटॅनियमची प्रत

मावळातील कार्ल्याची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत, त्यात टायटॅनियमचा अंश आहे. पण तो प्राणवायूशी जखडलेला. भट्टीतून शुद्ध करून काढलेल्या धातूतही किंचित प्राणवायू उरतोच, आणि धातूची प्रत त्या किंचितावरच ठरते! पहिल्या प्रतीत तो शेकडा फार तर ०.१८, दुसरीत ०.२५, तिसरीत ०.३५, चौथीत ०.४०. प्राणवायू वाढला की धातू कणखर होतो, परंतु त्याचा लवचिकपणा घटतो. म्हणून खोल भांडे ठोकावयास पहिली प्रत घ्यावी, खाऱ्या पाण्याच्या नळ्यांस दुसरी, जबड्यात बसवावयाच्या कृत्रिम दंतमुळास चौथी. तिसरीचे काम क्वचितच पडते. चौथी सर्वांत कणखर म्हणून तीच मागणारा ग्राहक आम्हांस भाबडा वाटतो. तिचा पत्रा थंडपणी फार वाकविल्यास चिरतो, आणि गंजाला दाद न देण्याचा गुण तर चारही प्रतींत जवळजवळ सारखाच असतो.