नाण्यावरील गावाचे नाव

‘जरब’ हा शब्द आपण धाक या अर्थी नित्य वापरतो. फारसीच्या वाटेने मराठीत आलेल्या या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘ठोका’ असा आहे. इराणच्या जुन्या नाण्यांवर याच शब्दापुढे गावाचे नाव आढळते. ‘जर्ब इस्फहान’ म्हणजे इस्फहान येथे ठोकलेले. गावाचे नाव का घालीत, हे आपण येथे पाहू.

त्या काळी नाणी हाताने पाडीत. रुप्याची वजनी चकती खालच्या, पक्क्या बसविलेल्या ठशावर ठेवावयाची, वरचा ठसा तिच्यावर धरावयाचा आणि घणाचा घाव घालावयाचा. दोन्ही बाजू एकदम उमटत. ठसा पुष्कळदा चकतीहून मोठा असे. त्यामुळे काही अक्षरे काठाबाहेर जात आणि एक नाणे दुसऱ्यासारखे क्वचितच निघे.

१८२५ साली फतहअली शहाने ‘क्रान’ हे रुप्याचे नाणे सुरू केले. त्याचे वजन सुमारे ७ ग्रॅम होते. पुढे नासिरुद्दीन शहाच्या कारकिर्दीत ते सुमारे ५ ग्रॅमवर आले. राजधानी तेहरानप्रमाणेच तब्रीझ, मशहद, रश्त, हमदान इत्यादी गावीही टांकसाळी होत्या. नाण्यांवर गावांच्या पदव्याही झळकत. शिराझ हे ‘दारुल्-इल्म’, म्हणजे विद्येचे घर. यझ्द हे ‘दारुल्-इबादत’, म्हणजे उपासनेचे घर.

परंतु पदवीने रुपे शुद्ध होत नाही. टांकसाळी मक्त्याने दिल्या जात. रुप्यात हीण अधिक घातले की मक्तेदाराचा नफा वाढे. त्यामुळे क्रान नावाला एकच असला, तरी त्याचा कस गावोगाव निराळा असे, आणि हलक्या नाण्यांना बाजारात बट्टा पडे. तोटा सोसावा लागे तो मजुरी घेणाऱ्या गरिबाला. अशा वेळी नाण्यावरील गावाचे नाव हीच त्याच्या घडणीची साक्ष होती.

१८७७ साली तेहरानात यंत्राने नाणी पडू लागली. मग प्रांतोप्रांतीच्या टांकसाळी बंद झाल्या आणि हा भेद मिटला.

शहाचे नाव सर्व नाण्यांवर सारखेच होते. पत मात्र घडविणाऱ्याच्या सचोटीप्रमाणे ठरे. ‘नावाला बट्टा लागणे’ असे आपण म्हणतो, ते या गावांच्या बाबतीत अक्षरशः खरे ठरले.