रानातील अळिंबी : पारखून घ्या

सोलापूरकडे पाऊस बेताचा, त्यामुळे कोकणासारखी अळिंबीची पारखही आपल्याकडे कमीच. वारुळावरील खाद्य अळिंबीचा दांडा मुळासारखा वाळवीच्या घरट्यापर्यंत खोल जातो. म्हणून उपटू नका, खणून पाहा. उकिरड्याजवळ, गवतात येणारी मोठी पांढरी छत्री फसवी. कोवळेपणी तिची खालची झालर पांढरी असते, पुढे हिरवट होते. पूर्ण उमललेली छत्री रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवा. हिरवट भुकटी पडली तर ती विषारीच समजा. इतर रंग आला तरी निर्धास्त होऊ नका, जाणकाराला दाखवा. चांदीचे नाणे काळे पडणे, किड्यांनी खाणे या परीक्षा निरुपयोगी. शिजवल्याने सर्व विषे जात नाहीत. अतिविषारी जातींची बाधा बहुधा सहा तासांनंतर दिसते. उलट्या-जुलाब होताच उरलेली अळिंबी घेऊन दवाखाना गाठा. मध्येच बरे वाटले तरी घरी परतू नका. यकृताची हानी त्यानंतर उघड होते.