सात घरं फिरणारी मांजर

प्रश्न : पावसात आमच्या वाडीत मांजर व्याली. झावळ्यांखालून तिला आणि चार पिल्लांना पडवीत आणलं. सासूबाई म्हणतात, माणसाचा हात लागला की मांजर पिल्लं टाकते. खरं का? गाईचं दूध पाजू का?
– एक वाचक, नागाव (ता. अलिबाग)

उत्तर : ताई, हाताच्या वासाने मांजर पिल्लं टाकत नाही. सात घरं फिरवते ती धास्तीपायी. अंधाऱ्या कोपऱ्यात खोका, त्यात जुनं सुती लुगडं, आणि शेजारची पोरं लांब. एवढ्याने ती रमते.

आई पाजते आहे तोवर पिल्लांना वरचं दूध नको, गाईच्या दुधाने ढाळ लागतात. खाऊ घाला ते आईला, चांगलं दुप्पट. उकडलेला बांगडा चालेल, काटे काढून. सुकट मात्र खारट. आणि पडवी फिनेलने पुसू नका, मांजराला ते विषच.

पिल्लं स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज तोला. जन्मतः साधारण १०० ग्रॅम, पुढे रोज दहाएक ग्रॅमची भर हवी. एखादं गार लागलं तर आधी ऊब द्या, दूध नव्हे, आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मांजर चावली वा ओरबाडली, तर जखम साबणाने १५ मिनिटं धुऊन लगेच रेबीजची लस घ्या.

पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहते, म्हणून बाहेर सोडू नका. पिल्लं दोन महिन्यांची झाली की नसबंदीचं विचारा.