बोट केवढी हवी?

क्रूझवरून आलं की ओळखीतले लोक हमखास दोनच गोष्टी विचारतात: खर्च किती आला आणि बोट लागते का? बोट केवढी घ्यावी, हे सहसा कुणी विचारत नाही, आणि सहल चांगली होणार की नाही हे निम्मं तिथेच ठरतं. सिंगापूरहून सुटणारं अवाढव्य जहाज, मुंबईहून लक्षद्वीपला जाणारं मध्यम जहाज आणि नॉर्वेच्या किनाऱ्याने जाणारी लहान बोट, अशा तिन्ही प्रकारांनी फिरून झाल्यावर जे उमगलं ते सांगते.

१. मोठी बोट म्हणजे जास्त गर्दी, असं नाही.
जाहिरातीतलं ‘ग्रॉस टनेज’ म्हणजे जहाजाचं वजन नव्हे, ते आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. त्याला प्रवासीसंख्येने भागलं की माणशी जागा किती, याचा अंदाज येतो. 2024 पासून मायामीहून सुटणाऱ्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चं टनेज सुमारे अडीच लाख आणि केबिनमध्ये दोघं धरून प्रवासी 5,610. भागाकार येतो 44 च्या आसपास. आपल्या मुंबईहून सुटणाऱ्या ‘एम्प्रेस’चं टनेज 48,563 आणि त्याच हिशेबाने प्रवासी साधारण 1,600, म्हणजे भागाकार 30. लहान बोटीत ऐसपैस वाटेल, हे गृहीत धरू नका.

२. आजी-आजोबा आणि नातवंडं बरोबर असतील तर मोठीच घ्या.
एकाला पोहायचंय, दुसऱ्याला पत्ते कुटायचेत, तिसऱ्याला नुसतं पडून राहायचंय. हे सगळं एकाच दिवशी मोठ्या जहाजावरच जमतं. सिंगापूरच्या जहाजांवर भारतीय पर्यटक इतके असतात की शाकाहारी आणि जैन जेवणासाठी तोंड वेंगाडावं लागत नाही. मात्र केबिन लिफ्टजवळची मागा. तीनशे मीटरहून लांब जहाजावर गुडघे दुखणाऱ्या माणसाला कॉरिडॉर संपता संपत नाही. त्यात दारं सगळी सारखी. आमच्या सासूबाईंनी घरून फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट आणला होता, तो त्यांनी केबिनच्या दारावर लावला. जहाजाची दारं पोलादी असतात, त्यामुळे तो घट्ट बसला. दुसऱ्या दिवसापासून नातवंडं नंबर न बघता बरोबर गणपतीच्या दारी यायची.

३. बंदराचं नाव वाचून भुलू नका.
मोठं जहाज सगळीकडे जाऊ शकत नाही. 1 ऑगस्ट 2021 पासून व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरून जाणाऱ्या जुदेक्का कालव्यात 25,000 टनेजवरच्या जहाजांना बंदी आहे. त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत ‘व्हेनिस’ असलं तरी बोट राव्हेन्नाला लागू शकते, आणि तिथून व्हेनिस बसने दोन-अडीच तासांवर. सँटोरिनीला मोठ्या जहाजासाठी धक्काच नाही. जहाज मधेच नांगर टाकतं, लहान लाँचने किनारा गाठायचा आणि मग वर गावात जायला केबल कारची रांग, खेचर, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या. हजारो माणसं एकदम उतरली की दिवसातले दोन तास त्या रांगेतच जातात. अंटार्क्टिकाला तर निवडीला वावच नाही: पाचशेहून जास्त प्रवासी असलेलं जहाज तिथे माणसं उतरवत नाही, आणि लहान जहाजांतूनही एका जागी एका वेळी शंभरच माणसं उतरू शकतात.

४. किनारा बघायचा असेल तर लहान बोटीला तोड नाही.
नॉर्वेत बर्गन ते किर्केनेस ही किनारी बोटसेवा 1893 पासून चालू आहे. वाटेत 34 बंदरं घेते. पर्यटक असतात, पण ही बोट म्हणजे तिथली एसटीच. मध्यरात्री एखाद्या चिमुकल्या धक्क्याला लागते, बाजूचं दार उघडतं, फोर्कलिफ्ट भराभर खोकी उतरवते, सामानाच्या पिशव्या घेतलेली एखादी बाई उतरून अंधारात घराकडे चालू लागते आणि पंधरा मिनिटांत बोट पुन्हा निघते. इथे कॅसिनो नाही, नाचगाणी नाहीत. आकाशात उत्तरप्रकाश दिसला की स्पीकरवरून घोषणा होते आणि सगळे जाकिटं चढवत डेककडे पळतात. जेवणात मासे आणि बटाटे. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा आणि मेतकूट, चटण्या, खाकरे बरोबर ठेवा. इलेक्ट्रिक किटली मात्र नेऊ नका. आगीच्या भीतीने बहुतेक क्रूझवर ती काढून घेतात.

५. बोट लागणाऱ्यांनी आकाराइतकीच केबिनची जागा बघावी.
मोठं जहाज कमी डोलतं, हे खरं. जहाजाच्या पोटाला असलेले स्टॅबिलायझरचे पंख डावी-उजवीकडचे हेलकावे कमी करतात, पण पुढून-मागून होणारी वर-खाली त्यांना फारशी आवरत नाही. म्हणून केबिन खालच्या मजल्यावरची आणि मधली घ्यावी. गोळी डॉक्टरांना विचारून, पोटात ढवळायला लागण्याआधी घ्यावी.

६. तिकिटाचे नव्हे, शेवटच्या बिलाचे पैसे मोजा.
मोठ्या जहाजाचं तिकीट स्वस्त दिसतं. मग वायफाय, पेयं, खास रेस्तराँ आणि माणशी रोजची टिप यांची भर पडते. लहान बोट महाग वाटते, पण काहींमध्ये किनाऱ्यावरच्या सहली धरलेल्या असतात. दोन्हींचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय तुलना करू नका.

माझं मत विचाराल तर पहिली क्रूझ कुटुंबाबरोबर मोठ्या जहाजावर करावी आणि नंतरची लहान बोटीने, दोघांनीच. आणि कुठलीही घेतलीत तरी बोटीवर काय काय आहे हे एजंट सांगेलच. बोट नेमकी कुठल्या बंदराला लागते, तिथून गाव किती लांब आहे आणि बोट तिथे किती तास थांबते, हे मात्र तुम्ही विचारा आणि लेखी घ्या.