घरच्या किनाऱ्यावरची पीएच.डी.

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो आणि निकाल लागला की मालवण-वेंगुर्ल्याची हुशार मुलं मुंबई-पुण्याची गाडी पकडतात. त्यांतलंच एखादं मूल एम.ए. किंवा एम.एस्सी. होऊन म्हणालं, की मला किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांच्या मिळकतीवर किंवा पिंगुळीच्या ठाकर कलाकारांवर संशोधन करायचंय, की घरात चिंता सुरू होते. मासेमारीबद्दल लिहायला एवढं शिकायचं कशाला, हा आईवडिलांचा प्रश्न वेडगळ नाही. तरीही माझं मत असं, की अभ्यासाची पद्धत पक्की असेल तर आपल्याच समाजावरचं संशोधन हा दुय्यम पर्याय ठरत नाही. या किनाऱ्याच्या मुलांना तिथे इतरांपेक्षा सरस काम करता येतं.

याचा सर्वांत मोठा दाखला कोकणाशी नातं सांगणारा आहे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, ते भीमराव आंबेडकर 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. ज्या व्यवस्थेचे चटके स्वतः सोसले, तीच त्यांनी अभ्यासाला घेतली आणि आधीच्या विद्वानांची मतं एकेक करून तपासली. पुढे अमेरिकेतही असंच घडलं. मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या लोकांचा अभ्यास विद्यापीठात व्हावा म्हणून चळवळ केली आणि 1969 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चिकानो अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं. 1973 मध्ये न्यूयॉर्कला प्वेर्तो रिकन लोकांविषयीचं केंद्र निघालं. लॅटिनो समाजावरचं संशोधन आज तिथे मान्य विद्याशाखा आहे, शिष्यवृत्ती घेऊन मुलं त्यात येतात.

सिंधुदुर्गात विषयांचा तोटा नाही. 1987 मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून मच्छीमार आणि वनखातं यांच्यात धुसफूस आहे. पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर निर्बंध घालणारा राज्य सरकारचा आदेश 5 फेब्रुवारी 2016 चा, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राची बंदी 2017 ची. पण कोणत्या बंदराला त्याचा किती फायदा झाला, हे बंदरावर बसून मोजायला माणसं लागतात. बाहेरून आलेला संशोधक प्रश्नावलीत ‘मासिक उत्पन्न’ असा रकाना करतो. रापणीत मासळीचे वाटे पडतात, हंगामागणिक कमाई बदलते आणि विक्रीचा व्यवहार बराचसा बायकांच्या हातात असतो, हे ज्याला ठाऊक आहे तो वेगळे प्रश्न घेऊन जातो. शिवाय मालवणीत विचारलेल्या प्रश्नाला मिळणारं उत्तर जास्त मोकळं असतं.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो: घरचाच माणूस तटस्थ कसा राहणार? रापणकराचा मुलगा पर्ससीनवाल्याला खलनायक ठरवून मोकळा होण्याची शक्यता खरीच आहे. म्हणून मार्गदर्शक शक्यतो बाहेरचा असावा, पर्ससीनच्या मालकाची आणि त्याच्या खलाशांची बाजूही तेवढाच वेळ देऊन ऐकावी आणि बंदरावर उतरलेल्या मासळीच्या नोंदी लोकांच्या सांगण्याशी ताडून पाहाव्यात. बाहेरचा संशोधक तरी कोरा असतो का? त्याचे ग्रह आपल्याला दिसत नाहीत, इतकंच.

आता पैशाचं. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37 हजार आणि नंतर 42 हजार रुपये, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं. जेआरएफ हुकली तर राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. त्यांच्या जागा मर्यादित असतात, आधी पीएच.डी.ची नोंदणी लागते आणि रक्कम लांबल्याने संशोधकांना आंदोलनंही करावी लागली आहेत, तेव्हा हाताशी थोडी शिल्लक हवी.

पीएच.डी.नंतर प्राध्यापकीच मिळेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका; भरती रखडते. पण ज्याला संख्याशास्त्र, नकाशांचं सॉफ्टवेअर आणि नीट मुलाखत घेणं जमतं, त्याला कांदळवन प्रतिष्ठान, पर्यावरण-आघात अहवाल करणाऱ्या कंपन्या, स्वयंसेवी संस्था आणि पर्यटन प्रकल्प इथेही काम असतं. ही कौशल्यं पदवीच्या काळातच शिकायची असतात. समुद्रविज्ञानाकडे कल असेल तर दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय फार लांब नाही. पालकांना तपासायचंच असेल तर विषयापेक्षा मार्गदर्शक तपासावा: त्याच्या हाताखालच्या किती जणांची पीएच.डी. पूर्ण झाली, त्यांना किती वर्षं लागली आणि आज ते काय करतात.