बॅटरीचं पाणी कुठं जातं? : कारच्या ओव्हरचार्जिंगवरून एक विज्ञानपाठ



आपलं वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. रस्त्यावर दिवसरात्र गाड्या आणि वर्गातल्या मुलांच्या डोक्यातही गाड्याच! मग विजेचा पाठ गाडीपासूनच का सुरू करू नये?

मागच्या उन्हाळ्यात माझ्या जुन्या कारच्या बॅटरीत दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर टाकावं लागायचं. "बॅटरी गेली सर, नवी टाका," असा सल्ला मिळाला. टाकली. चार महिन्यांत तीही फुगली. मग लक्षात आलं, दोष बॅटरीत नव्हताच. तिला भुकेपेक्षा जास्त खाऊ घातलं जात होतं.

आधी तत्त्व समजून घेऊ

इंजिन फिरलं की पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो आणि वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. इंजिनचा वेग वाढला की व्होल्टेजही वाढू पाहतं. त्याला आवर घालतो तो रेग्युलेटर.

मुलांना सांगताना घरच्या पाण्याच्या टाकीचं उदाहरण द्या. टाकी भरली की फ्लोट बॉल वर येतो आणि पाणी थांबतं. बॉल अडकला तर टाकी वाहते. रेग्युलेटर म्हणजे हा बॉल. तो बिघडला की जादा विजेने बॅटरीतल्या पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन व ऑक्सिजन वायू उडून जातात. पाणी तिथं जातं!

लक्षणं

पाणी वारंवार कमी होणं, बॅटरी गरम होणं किंवा फुगणं, सडक्या अंड्यासारखा वास, हेडलाइटचे बल्ब सारखे उडणं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे त्रास आणखी वाढतो.

तपासणी : एकेक पायरी

१. मोजणाऱ्याला आधी मोजा. मल्टिमीटरचा स्वतःचा सेल उतरला असेल तर काही मीटर आकडा जास्त दाखवतात. नव्या १.५ व्होल्टच्या सेलवर खात्री करून घ्या. मग मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा.

२. गाडी काही तास बंद ठेवून मोजा. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सहा कप्पे, प्रत्येकी साधारण २.१, गुणाकार मुलांनाच करू द्या. १०.५ च्या आसपास आकडा आला तर एखादा कप्पा शॉर्ट झाल्याचा संशय घ्या. अशी बॅटरी चार्जिंग बरोबर असूनही तापते.

३. इंजिन सुरू करून मोजा. साधारण १३.८ ते १४.५ ठीक. आता थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या. आकडा तिथेच थांबला पाहिजे. वेगाबरोबर तो १५ च्या पुढे चढत गेला तर नियंत्रण सुटलंय. माझ्या गाडीत १५.८ आला होता!

४. लगेच रेग्युलेटर बदलू नका. काही गाड्यांत बॅटरीचं व्होल्टेज 'पाहणारी' वेगळी वायर असते. ती गंजली की रेग्युलेटरला व्होल्टेज कमी दिसतं आणि तो आणखी वीज सोडतो. जुन्या गाड्यांत बाहेर बसवलेल्या रेग्युलेटरचं अर्थिंग सैल झालं तरी तसंच होतं. जोडण्या स्वच्छ करून पुन्हा मोजा. आकडा तरीही चढाच असेल, तर रेग्युलेटर.

माझ्या गाडीत रेग्युलेटरच निघाला. नव्या गाड्यांत मात्र चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो आणि आकडा खाली-वर होतो, म्हणून त्या गाडीचं माहितीपुस्तक आधी बघा.

हे विसरू नका

हायड्रोजन पेट घेतो आणि बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असतं. जवळ बिडी-काडी नको, डोळ्यांवर चष्मा हवा. चालू इंजिनवर बॅटरीची वायर कधीच काढू नका. काही जण तशी 'परीक्षा' घेतात, पण व्होल्टेज एकदम उसळून गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते. मुलांनी लांबून आकडे लिहावेत, मीटर मोठ्यांनी धरावा.

वर्गात विचारा

- बॅटरी बदलूनही दोष का गेला नाही?
- इंजिनचा वेग वाढवून का मोजायचं?
- पाणी कमी झालं, हे कारण की लक्षण?

तिसऱ्या प्रश्नावर थोडं थांबा. माझे एका बॅटरीचे पैसे गेले ते याच प्रश्नाचं उत्तर चुकल्यामुळे. मुलांना ते फुकटात कळू द्या!