हरकत राखून मोबदला घेणें

सार्वजनिक कामासाठीं जमीन संपादन झाली व निवाड्यांत ठरलेला मोबदला कमी वाटला, तर पुष्कळ खातेदार असें समजतात कीं, पैसे उचलले म्हणजे तक्रार बुडाली, आणि तक्रार चालवावयाची तर पैसे सोडावे लागतात. हे दोन्ही समज चुकीचे होत.

सन २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ७७ प्रमाणें, रक्कम अपुरी असल्याबद्दल हरकत नोंदवून ती स्वीकारतां येते. मात्र हरकत न नोंदवितां जो पैसे घेईल, त्यास कलम ६४ खालीं वाढीव मोबदल्याचा अर्ज करण्याचा हक्क उरत नाहीं. सन १८९४ च्या जुन्या कायद्यांतहि अशीच तरतूद होती.

कचेरींत नोकरीस असतां मीं एक प्रकार पाहिला. जमिनी वाटून घेतलेल्या दोघां भावांनीं एकाच दिवशीं पैसे घेतले. थोरल्यानें पावतीवर ‘रक्कम अपुरी; हरकत राखून स्वीकारली’ असें लिहून सही केली; धाकट्यानें नुसतीच सही केली. पुढें दाद मागण्याची वाट थोरल्यासच उघडी राहिली.

म्हणून पावतीवर हरकत स्वहस्तें लिहावी व तिची नक्कल जवळ ठेवावी. निवाड्याच्या वेळीं हजर असल्यास त्या तारखेपासून ६ आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. हजर नसल्यास नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांपैकीं जी आधीं संपेल ती मुदत समजावी. राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनांत दाद मागण्याची रीत निराळी आहे. ती अगोदर विचारून घ्यावी.

पैसे घेणें ही संमति नव्हे. मुकाट्यानें सही करणें ही मात्र संमति ठरते.